सप्ताहाचा आठवा दिवस



गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात आमच्या मंदिरात गुरुचरित्राचं सामुदायिक पारायण चालू होतं. वाचकांत मीही होतो. सहाव्या दिवशी दुपारी महाप्रसादाची भाजी निवडायला बायका सभामंडपात बसल्या होत्या. आमच्याच ओळीत बसून वाचणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नी मेथीची जुडी सोडता सोडता माझ्या पत्नीला म्हणाल्या, "वहिनी, हे सात दिवस घरात कसं निवांत असतं बघा. ओरडणं नाही, आदळआपट नाही. मला आठव्या दिवसाचीच धास्ती वाटते."

रात्री घरी परतताना पत्नीने हे मला सांगितलं. मी सवयीनं म्हणालो, "अगं, ते तसे नाहीत. भला माणूस आहे." ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "तुम्हालाही सगळे भला माणूसच म्हणायचे."

दत्तभक्तहो, हा लेख तिथून सुरू झाला. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केली. बारामती, भिगवण, निमगाव केतकी, इंदापूर अशा बदल्या झाल्या. त्यामुळे जे लिहितो ते हिशेब मांडावा तसं लिहितो, आणि हिशेब स्वतःच्या खात्यापासूनच सुरू करायला हवा.

काउंटरवर मी कधी आवाज चढवला नाही. मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत ताळा लागत नसे, साहेब सगळ्यांदेखत बोलत, खातेदार पासबुक तोंडावर फेकत. मी "हो साहेब, बघतो साहेब" म्हणत राहिलो. आणि त्याच मार्च महिन्यात घरी आमटी खारट झाली म्हणून ताट भिरकावलेलं आहे. आठ-आठ दिवस अबोला धरलेला आहे. एकदा हात उगारला आणि तो लागला. पुढची कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आलो, "एकदाच." त्या रात्री पत्नीला पहिल्यांदा तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी एकदाच. त्यानंतर तुम्ही फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी मी मागे सरकायचे. तुमच्या कधी ध्यानात आलं नाही."

खरंच आलं नव्हतं.

पारायणाचे नियम आपल्याला पाठ आहेत. मित आहार, मित भाषण, ब्रह्मचर्य, जमिनीवर शयन, कोणाला टाकून बोलायचं नाही. वर्षभर ज्याचा राग गल्लीला ऐकू येतो तो माणूस हे सात दिवस निभावतो, आणि चांगलं निभावतो. मग "राग आवरत नाही" हे म्हणणं कुठे टिकतं? राग साहेबांपुढे आवरतो, सोसायटीच्या चेअरमनपुढे आवरतो, पोथीपुढे आवरतो. जिथे आपलं कोणी काही करू शकत नाही तिथेच तो आवरत नाही. अमेरिकेत डुलुथ नावाचं शहर आहे. तिथे १९८१ पासून बायकांना मारणाऱ्या पुरुषांसाठी वर्ग चालतात. त्यांनी मार खाल्लेल्या बायकांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आणि त्यातून जे निघालं ते हेच: मूळ दुखणं संतापाचं नसतं, घर आपल्या मुठीत ठेवण्याचं असतं. हे वाचलं तेव्हा मला डुलुथ बारामतीपासून फार लांब वाटलं नाही.

मुठीत ठेवणं कसं असतं हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. ऊसबिल जमा झालं की गर्दी व्हायची. खातं बाईच्या नावाचं, जमीनही तिच्या नावाची, पण ती अंगठा देऊन बाजूला उभी राहायची आणि नोटा मोजायला मागचा हात पुढे यायचा. बचत गटाच्या कर्जाचंही तेच. तिने मान वर करून "किती निघाले?" विचारलं तर "तुला काय करायचंय?" असं चारचौघांत उत्तर. अशा किती विड्रॉल स्लिपा मी स्वतः भरून दिल्या असतील! नियमात सगळं बसत होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती आहेच, शिवाय टोचून बोलणं, अपमान करणं, धमकावणं आहे, आणि पैसा अडवून धरणं, तिची मिळकत काढून घेणं हेही आहे. हा कायदा मी निवृत्तीनंतर वाचला. आधी वाचला असता तर निदान नोटा ज्याच्या त्याच्या हातात दिल्या असत्या.

हे चार घरांपुरतं आहे असं कोणी समजू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारात एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. सांगितलं ते एवढं. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कुमारी आहे. पाहुणे आलेले असताना ती आत भात कांडत होती. कांकणं वाजू लागली तेव्हा घरचं उणं पाहुण्यांना कळू नये म्हणून तिने एकेक करत ती कमी केली आणि हातात एकेकच ठेवलं. आपण यातून एकांताचा बोध घेतो, तो योग्यच आहे. पण हल्ली मला तिथे दुसरंही दिसतं. घरचं उणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज मिटवत बसलेली एक मुलगी दिसते.

मग पुरुषांनी बदलायचं कसं, आणि त्यांना बदलवायचं कोणी? उपदेशाने काम होतं असं मला वाटत नाही. कीर्तनात क्रोधावर तासभर ऐकून घरी जाऊन ओरडलेला माणूस मी आरशात पाहिलेला आहे.

आपल्या भागात माणूस बदलण्याची एक जुनी, सिद्ध रीत आहे ती माळेची. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर. या वाटेवरच्या गावागावांत माळकरी आहेत. ज्याने माळ घातली त्याने दारू आणि मांस सोडलं. ते टिकतं कशाने? मनोनिग्रहाने टिकतं हे खरं, पण माळ गळ्यात सगळ्यांना दिसते हेही तितकंच खरं आहे. धाब्यावर गेला तर ओळखीचा माणूस विचारतो, "काय हो, माळ घातलीय ना?" आणि आषाढीला दिंडीत त्याची वाट पाहणारी माणसं असतात. विचारणारी माणसं आणि वाट पाहणारी माणसं, दोन्ही लागतात. घरातल्या वागण्याला मात्र अशी माळ नाही. दार लावलं की विचारणारं कोणी नाही. दारू सोडलेला माळकरीही घरात हात उचलतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. व्यसन आणि हिंसा ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली बाकी फिटली म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही.

गावाने मिळून विचारायचं ठरवलं तर काय होऊ शकतं, याचं अलीकडचं उदाहरण नेवासा तालुक्यातलं आहे. प्रवरेकाठच्या श्रीक्षेत्र देवगडच्या दत्त देवस्थानामुळे हा तालुका आपल्याला परका नाही. तिथल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा आमच्या कट्ट्यावर पुष्कळ हसू झालं. एक जण म्हणाला, "बारामतीत हा नियम केला तर नगरपालिकेला दुसरी पट्टी लावायला नको." मीही हसलो. पण विचार करा, शिवी ही घरातली पहिली पायरी आहे आणि ती कोणाच्याच लेखी गुन्हा नव्हती. गावाने एकत्र बसून तिची नोंद केली. त्याआधी मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठरावाने मन बदलतं असं मी म्हणत नाही. ठराव झाला की विचारणाऱ्याला धीर येतो.

पुरुषांनीच पुरुषांशी बोलायचं, हाही प्रयोग आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १९९१ साली मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. उत्तरं आली २०५. त्यातून १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संस्था उभी राहिली. हरीश सदानी यांनी ती पुढे वाढवली, आणि 'पुरुष स्पंदनं' नावाचा तिचा अंकही निघतो. पुण्यात नारी समता मंचाने, विद्या बाळ यांच्या पुढाकाराने, २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्र सुरू केलं. बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या बायकांनीच पुरुषांसाठी बोलायची जागा काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिकडे न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या संस्था अशा पुरुषांबरोबर काम करताना त्यांच्याच भाषेत, त्यांच्या पूर्वजांची नावं घेऊन, सगळं कुटुंब धरून काम करतात. परक्या भाषेतला उपदेश तिथेही उतरत नव्हता.

आपली भाषा म्हणजे पोथी, आरती, गुरुवार. म्हणून गेल्या पौषात आम्ही काही जणांनी ठरवलं की गुरुवारी संध्याकाळची आरती झाली की ओवरीत तासभर बसायचं. सुरुवातीला सात होतो. दोघे दुसऱ्याच गुरुवारी गळाले, पुढे तिघे नवे आले. बहुतेक साठीच्या पुढचे. एक पस्तिशीतला, त्याला त्याच्या वडिलांनी आणलं. नाव-बिव काही ठेवलेलं नाही.

नियम मोजके. प्रत्येकाने आपल्याच आठवड्याबद्दल बोलायचं. "ती असं म्हणाली म्हणून" हे वाक्य चालणार नाही. पहिले दोन महिने हे कोणालाच जमेना. माझी तर प्रत्येक गोष्ट "तिने" पासूनच सुरू व्हायची. दुसरं, भडकण्याच्या आधीचा क्षण सांगायचा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक जण म्हणाले, "माझे कान तापतात. कान तापले की मी उठून बाहेर नळापाशी जाऊन बसतो." सगळ्यांनी वा वा केली. दोन आठवड्यांनी तेच म्हणाले, "ती म्हणते, तुम्ही न सांगता निघून जाता तीही शिक्षाच आहे. मला वाटतं, आता परत काय घेऊन येतील." तेव्हापासून ते सांगून उठतात: "अर्ध्या तासाने येतो, मग बोलू." आणि अर्ध्या तासाने येतात. एवढी छोटी गोष्ट कळायला त्यांना चाळीस वर्षं लागली. मला जरा जास्तच.

गुरुचरित्राचा अठरावा अध्याय आम्ही एका बैठकीत वेगळ्या नजरेने वाचला. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, दारचा घेवड्याचा वेल हीच त्याची पोटाची सोय. श्रीगुरू भिक्षा घेऊन जाताना तो वेल तोडतात. पत्नी आक्रोश करते, नको ते बोलते. आपण पुढच्या द्रव्याच्या कुंभाकडे घाईने जातो. पण मध्ये त्या ब्राह्मणाचं वागणं आहे. उद्याची भाजी गेली, बायको रडते आहे, बोल लावते आहे, आणि हा तिच्यावर उसळत नाही, तिला समजावतो. एकतिसाव्या अध्यायातले पतिव्रतेचे धर्म आपण घरातल्या बायकांना ऐकवत आलो. हा अठराव्यातला नवरा आपल्याला कोणी ऐकवला नाही. पोथी तीच होती.

आता आमची चूक सांगतो. हा भाग लिहू नये असं एकाचं मत होतं. तो वगळला तर लेख खोटा होईल.

चैत्रात त्या तरुणाची बायको मारहाणीला कंटाळून इंदापूर तालुक्यात माहेरी निघून गेली. तो ओवरीत ढसाढसा रडला. आमचीही मनं द्रवली. "पश्चात्ताप झालाय पोराला" म्हणत आम्ही तिघे ज्येष्ठ नारळ आणि साडी घेऊन तिच्या माहेरी गेलो. मी बोलण्यात पुढे होतो, कारकुनाला समजूत घालायची सवय असते. "आम्ही आहोत ना, दत्तमहाराज आहेत," असं मीच म्हणालो. तिच्या वडिलांना आमच्या पांढऱ्या केसांचा मान मोडवेना. ती परत आली. महिन्याच्या आत तिच्या हाताला प्लास्टर होतं.

मी दोन गुरुवार मंदिरात गेलो नाही. पत्नी म्हणाली, "तुम्ही तिला विचारायला गेला नव्हता, न्यायला गेला होता." तिचं खरं होतं. रडणं म्हणजे बदल नव्हे, हे आम्हाला कळायला हवं होतं. चारचौघांत रडला की चार हात पाठीवर पडतात, आणि घरी तिच्या पाठीवर कोणाचा हात आहे हे बघायला कोणीच नसतं. ती आता माहेरीच आहे, शिवणकाम करते. परत यायचं की नाही हे तिचं ती ठरवील. तो येतो अजून ओवरीत. तिच्या घरी जायचं नाही, निरोप धाडायचा नाही, ही अट त्याने पाळली आहे. केस न्यायालयात आहे. ती मागे घेण्याबद्दल आम्ही अवाक्षर काढत नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी पक्क्या केल्या. समेटाला जायचं नाही. तंटामुक्तीच्या बैठकीत "घरातलं घरात मिटवा" म्हणणाऱ्यांत आपण नसायचं. दुसरी, आम्ही बदललो की नाही हे आम्ही सांगायचं नाही. माझी पत्नी आणि मंदिरातल्या आणखी एक ताई अधूनमधून त्या घरांतल्या बायकांना सवडीने भेटतात, त्यांची इच्छा असेल तरच. त्या जे सांगतात ते ओवरीत येत नाही, नाहीतर त्याची किंमत घरी त्यांनाच मोजावी लागेल. फक्त धोका वाटला तर पुढे काय करायचं ते त्या दोघींना ठाऊक आहे: तातडीला ११२, महिलांची मदतवाहिनी १८१, कायद्यानुसार नेमलेले संरक्षण अधिकारी, आणि तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती. तिथे स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. मंदिराने ही माहिती महिलांच्या हातपाय धुण्याच्या जागेत लावली आहे, सभामंडपात नाही. ही सूचना पत्नीची. मंडपात उभं राहून ती कोणतीच बाई वाचणार नाही, हे आम्हा पुरुषांच्या लक्षात आलं नसतं.

आपल्या वयाच्या वाचकांना एक विनंती आहे. मुलाचा आवाज खोलीतून येतो तेव्हा आपण टीव्ही मोठा करतो. सून डोळे सुजवून चहा आणते आणि आपण साखर कमी आहे म्हणतो. "तुझ्या सासऱ्यांचाही स्वभाव असाच होता" हे वाक्य सासू धीर द्यायला म्हणते, आणि सुनेला त्यात जन्मठेप ऐकू येते. आपण तिथे आहोत, जागे आहोत, ऐकतो आहोत, एवढं मुलाला कळलं तरी पुष्कळ फरक पडतो. त्या तरुणाच्या वडिलांनी त्याला हाताला धरून ओवरीत आणलं, "मीच तुझ्यासमोर तुझ्या आईला मारलंय, आता दोघेही बसू" म्हणाले. ते बसतात, त्याच्या शेजारीच.

माझ्या घरचं सांगायचं तर आवाज अजूनही चढतो, महिन्यातून एकदोनदा. अबोला दीड दिवसावर आला आहे, ही आकडेवारी पत्नीची. फळीवरचा डबा काढताना मी आता आधी सांगतो, "डबा काढतोय." ती हसते, म्हणते, "एवढंही नको." पण मागे सरकत नाही, असं मला वाटतं. विचारायचा धीर अजून झालेला नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी त्यातल्या माणसांना वाचून दाखवला, आधी बायकांना, आणि त्यांनी होकार दिल्यावरच पुरुषांना. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले आहेत. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा यंदाचा सप्ताह बसलेला असेल. वाचकांच्या यादीत मेथी निवडणाऱ्या त्या ताईंच्या यजमानांचं नाव आहे, माझ्या खालीच. ते आषाढापासून ओवरीत येतात. पत्नीने त्या ताईंना विचारलं, "यंदा आठव्या दिवसाचं काय?" त्या म्हणाल्या, "आठव्याचं आत्ताच काय सांगू, वहिनी? पण पासबुक आता माझ्या ट्रंकेत आहे."